बारशाच्या अंगठ्या आणि मुक्ताचे कान

पुण्याहून सकाळी साडेसहाला गाडी काढली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या पर्समध्ये एक पितळी डबी होती आणि डोक्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, एकच वाक्य घोळत होतं : "त्या भोकात मी काय घालू गं, बोट?"

वाक्य तिच्या मुलीच्या कानांबद्दल होतं. मुक्ता माझी भाची. वय सत्तावीस, लग्न आठ दिवसांवर, आणि कानाच्या पाळ्यांना एवढाली भोकं की माझ्या करंगळीचं टोक आरपार जावं. कॉलेजात असताना तिने ती मुद्दाम वाढवली. आधी काडीएवढी नळी घातली, मग पेन्सिलीएवढी, असं महिनोन् महिने दमाने करत. जड दागिन्यांनी भोकं लांबली की आपल्याकडे "कान ओघळले" म्हणतात. माझे तसे ओघळले आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि पंचवीस वर्षं मी स्वतः घडवलेले मातीचे, पितळेचे, मिळेल त्याचे झुबे घालून मिरवले. हौसेला मोल नसतं खरं, पण कानाला वजन असतं. आता माझ्या भोकाच्या जागी उभी चीर आहे. काहीही घातलं तरी ते मान टाकतं. गेली सहा वर्षं मी कानांवर केस ओढून फिरते. मी लपवते तेच ही पोरगी मिरवते, याचा मला आधी रागच यायचा.

आमच्या घरात एक रीत आहे. नवरी गौरीहराला बसण्याआधी तिच्या आईने स्वतःच्या हाताने तिच्या कानात घराण्यातल्या मोत्याच्या कुड्या घालायच्या. पणजीच्या कुड्या. आजीने आईला घातल्या, आईने अक्काला आणि मला. कान शिवून घ्यायचे म्हटलं तर टाके भरून यायला आठवडे लागतात, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय मुक्ताला ते नकोच होतं. चाप लावून, गोंद लावून घालायलाही ती तयार नव्हती. "मावशी, आईने माझ्या कानात घालायच्या ना? मग कानात घालू दे. कानाला चिकटवू नको." अक्का म्हणाली, "मग कुड्या डबीतच राहू देत. मी मागे उभी राहीन गौरीहराला." असं म्हणून तिने डबी माझ्याकडे पुण्याला पाठवली आणि लेकीशी बोलणं टाकलं. मुक्ताने मला फोनवर हे हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागली.

पुण्यातल्या सराफांच्या तीन पेढ्या मी पालथ्या घातल्या. काही जमलं नाही. म्हणून ठरवलं, मुक्ताला सुप्याहून घ्यायचं आणि संगमनेरला पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला विचारत जायचं.

सुपा यायच्या आधीच रस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या शेड सुरू होतात. मुक्ता इथल्याच एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासते. गेटवर हेल्मेट जमा करून ती बाहेर आली, कानात काळे रबरी बूच. यंत्राजवळ धातूचं काही घालायचं नाही असा तिथला नियम, म्हणून कामावर रबरी. गाडीत बसल्या बसल्या तिने पिशवीतून व्हर्निअर (मापाची सरकती पट्टी) काढली आणि बूच काढून कानाला लावली.

"बारा मिलिमीटर. दोन्ही."

"अगं, नवऱ्या मुली बांगडीचं माप देतात."

"ते पण देते. पण तिथं कुणाचं अडलेलं नाही."

समोरच्या हॉटेलात मिसळ घेतली. मुक्ता बशीवर वाकली आणि डाव्या कानातला बूच सुटून थेट रश्शात. आधी तो तरंगला, मग तर्रीखाली गेला. हॉटेलवाले काका धावत आले.

"काय पडलं वो ताई? झुरळ असंल तर दुसरी बशी देतो."

"झुरळ नाही काका. कानातलं आहे."

काकांनी चमच्याने ते वर काढलं, दिव्याकडे धरून आरपार पाहिलं, आणि मग मुक्ताच्या कानातून आरपार पाहिलं. "लई मोठं भोक हाय की. आमच्या आज्याचं असंच हुतं," म्हणाले आणि रस्सा बदलून आणला. तिच्या कानांचा विषय निघाल्यावर तोंड वाकडं न करणारा मला भेटलेला हा पहिला माणूस, त्यामुळे मला तो रस्सा फार आवडला.

नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच) सराफ बाजारात गाडी लावायला जागा मिळेना. ती मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. एका चकचकीत दुकानात गादीवर बसलेल्या तरुण सराफाने मुक्ताचे कान पाहिले आणि ट्रेच पुढे सरकवला नाही.

"मॅडम, हे भोक आधी बुजवा. मग या. एवढ्या भोकाला आपल्याकडं काहीच न्हाई."

"भोक मोठं आहे तर दागिना मोठा करा," मी म्हटलं. "दरवाजा मोठा झाला म्हणून कुणी भिंत पाडत नाही."

तो हसला. माझा आवाज चढला होता आणि केस कानामागे गेले होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच्या आलं. "तुमचे पण ओघळलेत की," असं म्हणून त्याने पाळीमागे लावायच्या पारदर्शक चिकटपट्ट्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. दुकानातल्या चार बायकांनी माना वळवल्या. माझे कान तापले. मी केस पुढे ओढले आणि बाहेर आले. मुलांना कागदावर कान काढायला शिकवणारी बाई मी, माझे स्वतःचे कान कुणाला दाखवू शकत नाही. मुक्ताने गाडी चालवायला माझ्याकडून किल्ली घेतली.

विळद घाट उतरल्यावर रस्त्यावर मेंढ्याच मेंढ्या. गाडी थांबवावी लागली. कळपामागून एक धनगर बाबा येत होते. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, आणि कानात सोन्याच्या जाडजूड बाळ्या. एवढं वजन तोलूनही त्यांच्या पाळ्या तुटायला आल्या नव्हत्या. मुक्ता दार उघडून सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, कान दुखत नाहीत का?"

"दुखायला काय झालं? पोकळ हायेत. आत लाख भरल्याली." त्यांनी बाळी चुटकीने वाजवली. आवाज बद्द आला. "बघनाराला वाटतं किती वजन हाय. पन कानाला कळत न्हाई." मग तिच्या कानाकडे पाहून म्हणाले, "तुजे कुनी वाढवले?"

"मीच."

"चांगले वाढवलेस. दोनी सारखे हायेत. घाई केली की फाटत्यात." आमचं काम सांगितल्यावर त्यांनी काठीने उत्तर-पश्चिमेकडे दाखवलं. "राजूरच्या बाजारला जा. डोंगरातल्या म्हाताऱ्यांचे कान बगा. आमी मेंढरं घिऊन तिकडनं जातो दरसाल. त्यांना इचारा."

राहुरीपासून पुढे दोन्ही अंगांना ऊस. तोडणी चालू होती, उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत रांगत आम्ही संध्याकाळी संगमनेरात शिरलो. अक्काच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तिने मुक्ताला जवळ घेतलं, पण तिच्या कानांकडे पाहिलं नाही. आमटी वाढताना मला एवढंच म्हणाली, "डबीतल्या बारशाच्या अंगठ्या नीट आहेत ना? त्या तरी उपयोगी पडतील. पुढं हिच्याच घरी लागतील."

या अंगठ्यांचं सांगायला हवं. कुड्यांबरोबर डबीत लाल फडक्यात बाळाच्या दोन सोन्याच्या अंगठ्या असत. आमच्याकडे कुणाचंही बारसं असलं की त्या बाळाच्या पायाच्या अंगठ्यांत घालायच्या, फोटो काढायचा आणि काढून ठेवायच्या. त्या कधीच नीट बसत नसत, घसरून पाळण्यात पडत. म्हणून त्यांना हळदीचा दोरा बांधायचा. त्यांच्या बाहेरच्या अंगाला मधोमध खाच होती, रहाटाच्या चाकाला असते तशी. पूर्वीचे लोक किती विचारी, दोऱ्यासाठी खाचसुद्धा ठेवली, असं आई कौतुकाने सांगे. माझ्या, अक्काच्या, मुक्ताच्या, सगळ्यांच्या बारशाच्या फोटोत पायाला दोऱ्याने बांधलेल्या त्या अंगठ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या रस्त्याने निघालो. अकोले मागे पडलं की प्रवरेचं पात्र जवळ येतं आणि समोर डोंगर उभे राहतात. भाताची कापणी उरकली होती, खाचरांत नुसते खुंट. राजूरचा बाजार ऐन भरात होता. गुळाच्या ढेपी, सुकट, नवा तांदूळ, नागलीची (नाचणीची) पोती. त्यात एका गोणपाटावर आवळ्याचा ढीग लावून एक म्हातारी बसली होती. नाव भोराबाई, हे नंतर कळलं. तिच्या दोन्ही कानांत सोनं नव्हतं, चांदी नव्हती. ताडाच्या पानाची घट्ट गुंडाळी करून ती भोकात बसवली होती. मुक्ता तिच्यापुढे उकिडवी बसली. दोघींनी एकमेकींच्या कानांकडे पाहिलं आणि दोघीही हसल्या.

"सोनं कुठं गेलं आजी?" मुक्ताने विचारलं.

"पोरीच्या लग्नात दिलं. भोक बुजू नये म्हनून पान घालून ठिवलंय. भोक असलं म्हंजी सोनं येतं कवा ना कवा."

मी डबी काढून कुड्या दाखवल्या. भोराबाईने त्या तळहातावर उलट्यासुलट्या केल्या आणि मान हलवली. मग तिची नजर लाल फडक्याकडे गेली. "ते काय हाय?"

"ते बाळाचं. पायातल्या अंगठ्या."

तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. एक अंगठी उचलली, उजव्या कानातली पानाची गुंडाळी काढली, बोटाला तोंडातली थुंकी लावली आणि अंगठी पाळीच्या भोकात दाबली. जशी काचेची बांगडी हात दाबून भरतात, तशी ती अडली, वळली आणि आत गेली. पाळी त्या खाचेत जाऊन बसली. म्हातारीने मान गदागदा हलवली. अंगठी जागची हलली नाही.

"बाळाच्या पायातली म्हनं!" भोराबाई आजूबाजूच्या बायांना सांगू लागली. "बगा गं, हिच्या घरी कानातली कडी पायात घालत्यात!"

सगळा बाजार हसला. मुक्ता हसून हसून गोणपाटावर बसली. मीही हसले. मुलांना वीस वर्षं सांगत आलेय की वस्तू काढायच्या आधी ती नीट बघा. ही खाच मी जन्मापासून बघत होते.

मुक्ताने कडी परत घेऊन व्हर्निअर लावली. खाचेचं माप अकरा मिलिमीटर भरलं. तिचं भोक बारा. "सैल होईल," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

"बूच काढून ठिव की," भोराबाई म्हणाली. "कान जिता असतो. मोकळा सोडला का आवळतो. खोबऱ्याचं तेल लाव आन् उद्या बग." मग तिने आम्हाला मापटंभर आवळे दिले आणि आबा सोनाराचं घर दाखवलं.

आबा सोनार पंचाहत्तरीचे असतील. घराच्या ओसरीवर त्यांची छोटी ऐरण, फुंकणी आणि निखाऱ्यांचं पात्र. कडी पाहताच ते म्हणाले, "कडी हाय म्हंजी कुडी असनार हिच्याबर." मी कुडी दिली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून ती मागून पाहिली, आणि किती तरी वेळ पाहत राहिले.

"हिच्यामागं बारीक आकडे हुते. दोन. कडीच्या आतल्या कडंला अडकायचे. कुनी तरी कापून टाकलेत आन् ही फिरकीची दांडी डकवली हाय. कुनी केलं हे?"

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. मी ओसरीच्या खांबाकडे.

मीच केलं होतं. अक्काच्या लग्नात त्या कुड्या कानावरून काळा दोरा घेऊन बांधल्या होत्या, कारण आकडे अडकवायला तिच्या कानात काहीच नव्हतं. तिचे कान सोलवटले होते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, हे टोचणारे आकडे हवेत कशाला? पुण्याच्या एका कारागिराकडून चारही आकडे कापून घेतले आणि फिरकी लावून घेतली. सगळ्यांनी माझी वाहवा केली. आणि त्या आकड्यांचं चिमूटभर सोनं मी मोडलं नाही. त्याची नाकातली चमकी करून घेतली. सव्वीस वर्षं ती माझ्या नाकात आहे. या घराची कुडी आणि कडी यांची ताटातूट मी केली होती, आणि पुरावा नाकावर मिरवत होते. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी," मुक्ता हळूच म्हणाली, "तुला कुठं माहीत होतं?"

"विचारायला काय झालं होतं मला? उचलली कात्री आणि लावली."

मी चमकी काढायला गेले तर मळसूत्र घट्ट धरलेलं. सव्वीस वर्षांत ती निघालीच नव्हती. मुक्ताने तेल लावलं, आबांच्या सुनेने बारीक चिमटा आणला, मी शिंकले, आणि तिसऱ्या झटक्याला चमकी माझ्या तळहातावर पडली. मी ती आबांच्या हातात दिली.

"पुरेल एवढं?"

आबांनी ती बोटांत फिरवली. "ह्यातलंच हाय ते. पुरायलाच पायजे," ते म्हणाले. "उद्या दुपारी या."

मुक्काम भंडारदऱ्याला केला. संध्याकाळी धरणाच्या पाण्यात डोंगर उलटे उतरले होते आणि वारा बोचरा होता. मुक्ताने बूच काढून ठेवले होते. रिकाम्या पाळ्यांना ती खोबरेल चोळत काठावर बसली होती. जेवणात नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. ठेच्याने माझं नुकतंच रिकामं झालेलं नाक वाहायला लागलं. मी तिला विचारलं, "का गं वाढवलीस भोकं? खरं सांग."

"लहानपणी कान टोचले ना, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, पुढचं तरी माझ्या मनाने. आणि मला ती छान दिसतात, मावशी. मला खरंच छान दिसतात." त्या मावळत्या उजेडात तिच्या रिकाम्या पाळीतून पलीकडचं पाणी दिसत होतं. छानच दिसत होती. एवढी साधी गोष्ट मान्य करायला मला सात वर्षं लागली.

सकाळी तिने माप घेतलं आणि ओरडलीच. "अकरा! मावशी, अकरा!"

दुपारी राजूरला आबांनी दोन्ही कुड्या हातात ठेवल्या. प्रत्येकीमागे दोन नाजूक आकडे, जणू कधी कापलेच नव्हते. तेलाचं बोट लावून मुक्ताने कड्या घातल्या. कडीची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जराशी लहान ठेवलेली होती, घालताना तीच आधी आत जावी म्हणून. कड्या बसल्या. पण कुड्या तिने घातल्या नाहीत. "त्या आई घालेल," म्हणाली.

मग वजनाची गोष्ट निघाली. आबांनी सांगितलं, "ह्या कुडीला वेल लावा." वेल म्हणजे कुडीपासून केसांत खोवायची साखळी. अर्धा भार केस उचलतात. माझे केस बाजूला सारून त्यांनी माझेही कान पाहिले, आणि या खेपेला मी ते ओढून घेतले नाहीत. "तुमचं भोक उबं लांबलंय. आडवा आधार द्या त्याला," म्हणाले आणि माझ्या झुब्यांच्या दांडीत पाळीच्या मागून बसेल अशी बत्ताशाएवढी पातळ चकती करून दिली. झुबा सरळ उभा राहिला. किती तरी वर्षांनी तो जमिनीकडे न बघता माझ्या गालाशी झुलला.

अक्काला आम्ही काही सांगितलं नाही. कड्यांवर मुक्ताने चार दिवस केस सोडले. मी मात्र सांगायचं ते हळदीच्या दिवशी सांगून टाकलं, चमकीसकट. अक्का पुरणाच्या पातेल्यात उलथनं घालून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आणि मी तीस वर्षं मुलांच्या पायात बांधत होते होय! काखेत कळसा म्हणतात तो हाच." हसली नाही, पण ओरडलीही नाही.

लग्नाच्या सकाळी मुक्ताचा खोपा घातला. मुंडावळ्या नेहमीसारख्या गालांवर सोडल्या असत्या तर कान झाकले असते, म्हणून त्या कानामागून घेऊन पिनांनी बसवल्या. नथ घातली. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "कुड्या कुठायत?" तेवढ्यात अक्का आली. तिच्या हातात डबी होती. ती मुक्तासमोर खाली बसली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिने मुलीच्या कानांकडे नीट पाहिलं. सोन्याच्या काठाचं ते गोल रिकामं भोक. अक्काने बोट पुढे केलं आणि हलकेच कडीच्या आतून फिरवलं. मला तिचं ते बोटाचं वाक्य आठवलं.

तिने कुडी कडीवर टेकवली. पहिल्यांदा आकडा चुकला. दुसऱ्यांदा टक्क असा बारीक आवाज आला. सात मोत्यांचं फूल पाळीवर चिकटून बसलं. ना दोरा, ना चाप, ना फिरकी. अक्काने दुसरी घातली, वेल केसांत खोवले आणि मुक्ताची हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे वळवलं. कुडी जागची हलली नाही.

"मला बांधली होती गं," अक्का म्हणाली. "रक्त आलं होतं. तुला बसली." मुक्ताने तिच्या गळ्यात हात टाकला, दोघींची काजळं फिसकटली, आणि मुहूर्त जवळ आला म्हणून गुरुजी दारातून हाका मारत राहिले. मी मध्ये पडले नाही. ज्या कुजबुजणाऱ्या काकू होत्या त्याच पुढे येऊन म्हणाल्या, "अगं, अशी बसलेली कुडी मी उभ्या जन्मात पाहिली नाही! भोक मोठं हवं का त्याला?" मुक्ता रडता रडता हसली. "हो काकू. अकरा मिलिमीटर."

संध्याकाळी स्वागत समारंभाला तिने कुड्या उतरवल्या आणि नुसत्या कड्या ठेवल्या, मोकळ्या, आरपार. ते कसं दिसेल याची मला धास्ती होती. पण अक्कानेच गजऱ्यातली दोन अबोलीची फुलं काढली, देठ कडीत अडकवले आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "हं," म्हणाली. आमच्या घरात "हं" म्हणजे शंभरातले शंभर. जावयाने पहिल्या भेटीत मुक्ताच्या कानांकडे पाहून एवढंच विचारलं होतं, "दुखलं होतं का?" आज तो फोटोग्राफरला सांगत होता, "कानांचा एक जवळून घ्या."

परतताना मी एकटी होते. नाशिक-पुणे रस्त्याने चंदनापुरी घाट चढून वर आल्यावर चहाला थांबले. केस वर बांधले होते, कान उघडे होते आणि झुबे वाऱ्याने वाजत होते. सहा वर्षं मला वाटत होतं की माझे कान बिघडलेत. बिघडलं काहीच नव्हतं. लहान भोकासाठी घडवलेलं मोठ्या भोकात घालत होते, एवढंच. डोंगरातल्या आवळेवालीला एका नजरेत जे कळलं, ते कळायला मला पाच तालुके फिरावे लागले. तरी फिरले, याचा आनंद मोठा आहे.

चहा देणाऱ्या बाईने ग्लास ठेवला आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. नाकावर सव्वीस वर्षांचा गोल ठिपका अजून तसाच होता.

"ताई, चमकी पडली का वो कुठं? गाडीत बगा बरं."

"पडली नाही," मी म्हटलं. "जिथली होती तिथं परत गेली."